ज्याची खावी पोळी... बंदुकींवरचं संशोधन कोणाच्या पैशानं व्हावं?

प्रश्न विचारणारे गृहस्थ टेक्सासमध्ये राहतात. दिवाळीच्या फराळाला सगळे जमले असताना त्यांची आणि त्यांच्या साडूंची जुंपली. साडूंनी दोन वर्षांपूर्वी पिस्तूल घेतलं आहे आणि दर महिन्याला ते नेमबाजीच्या रेंजवर जातात. त्यांचं म्हणणं असं, की सीडीसीचं (अमेरिकेच्या केंद्र सरकारची सार्वजनिक आरोग्य संस्था) बंदुकींवरचं संशोधन म्हणजे आधी निष्कर्ष ठरवून मग आकडे गोळा करण्याचा प्रकार होता. म्हणूनच काँग्रेसनं, म्हणजे अमेरिकेच्या संसदेनं, १९९६ मध्ये ते बंद पाडलं, आणि बरंच केलं. आपल्या गृहस्थांचं मत उलट आहे. पण साडूंनी ‘ज्याची खावी पोळी, त्याची वाजवावी टाळी, सरकारच्या पैशावर जगणारा माणूस निष्पक्ष कसा राहील?’ असं विचारलं, तेव्हा त्यांना उत्तर सुचलं नाही. ‘या क्षेत्रात कुणी असेल तर खरं काय ते सांगा, आणि असे पेपर तुम्ही कसे वाचता तेही सांगा’ असं त्यांनी लिहिलं आहे.

मी या क्षेत्रात आहे, म्हणून लिहिते. मी बायोस्टॅटिस्टिशियन, म्हणजे आरोग्याच्या आकडेवारीचं गणित करणारी. वीसएक वर्षं अपघात, मारामाऱ्या, आत्महत्या यांचीच आकडेवारी हाताळते आहे. माझा पगार काही वर्षं अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या ग्रँटमधून आला, काही वर्षं खासगी फाउंडेशनच्या पैशातून. म्हणजे साडूंच्या हिशेबानं मीही कुणाची तरी पोळी खाल्लेली आहे. पुढचं वाचताना हे ध्यानात असू द्या. माझ्याकडे बंदूक नाही. सहकाऱ्यांबरोबर दोनदा रेंजवर गेले आहे, आणि नेम फार वाईट नव्हता.

साडूंनी एका वाक्यात दोन प्रश्न एकत्र केले आहेत. एक इतिहासाचा आहे: नव्वदच्या दशकातलं संशोधन खरंच एकांगी होतं का? दुसरा कायमचा आहे: पैसा कुठून आला यावरून निष्कर्षाची विश्वासार्हता ठरते का? पहिल्याचं उत्तर ‘थोडंसं, पण ते म्हणतात तिथे नाही’ असं आहे. दुसऱ्याचं उत्तर मला स्वतःला कळायला दहा वर्षं लागली.

आधी १९९६. कायद्यानं संशोधन बंद केलं नव्हतं. आर्कान्साचे रिपब्लिकन खासदार जे डिकी यांनी खर्चाच्या विधेयकात एक वाक्य घातलं. सीडीसीला इजा-प्रतिबंधासाठी दिलेला पैसा बंदूक-नियंत्रणाचा प्रचार किंवा पुरस्कार करण्यासाठी वापरता येणार नाही, असं ते वाक्य. खरं सांगायचं तर या वाक्यात मला आजही काही गैर दिसत नाही. सरकारी आरोग्य संस्थेनं कायद्याच्या बाजूनं किंवा विरुद्ध मोहीम चालवू नये, हे मलाही मान्य आहे. पण त्याच वेळी काँग्रेसनं सीडीसीच्या बजेटमधून २६ लाख डॉलर कापले. आदल्या वर्षी बंदुकींच्या इजांवरच्या संशोधनाला नेमके एवढेच पैसे गेले होते. रक्कम पुढे परत दिली, ती मेंदूच्या दुखापतींच्या कामासाठी राखून. वाक्य म्हणत होतं ‘प्रचार करू नका’, आकडा म्हणत होता ‘याला हात लावू नका’. सरकारी नोकरांना आकड्यांची भाषा आधी कळते.

त्यात प्रचार म्हणजे काय, हे कुणीच लिहून ठेवलं नव्हतं. ‘घरात बंदूक असेल तर धोका वाढतो’ असा निष्कर्ष छापला, तर तो प्रचार की संशोधन? ठरवणार कोण? अशा वेळी कुठल्याही कार्यालयात होतं तेच झालं. दुधानं तोंड पोळलेल्या माणसानं ताकही फुंकून प्यावं, तशी ती संस्था वीसएक वर्षं वागली. न्यूयॉर्क टाइम्सनं २०११ मध्ये छापलं होतं, की सीडीसीच्या पैशावर काम करणाऱ्या संशोधकांना बंदुकींचा उल्लेख असलेला पेपर छापण्याआधी कळवायला सांगितलं जाई, आणि सौजन्य म्हणून ती खबर एनआरएला, म्हणजे बंदूकधारकांच्या बलाढ्य संघटनेला, दिली जाई. आता यात कोण कुणाची टाळी वाजवत होतं, ते साडूंना विचारा.

मी स्वतः नवी होते, तेव्हा एका प्रपोजलच्या शीर्षकात ‘फायरआर्म’ (बंदूक) शब्द होता. वरिष्ठांनी तो पेन्सिलनं खोडला आणि वर लिहिलं ‘घरगुती इजा’. ‘आतला मजकूर तसाच ठेव,’ ते म्हणाले, ‘शीर्षक यादीत दिसतं.’ मी मुकाट्यानं बदललं. कुणी धमकी दिली नव्हती, कुणाचा फोन आला नव्हता.

आता संशोधन एकांगी होतं का, ते पाहू. या सगळ्या भांडणाच्या मुळाशी जो पेपर आहे, तो आर्थर केलरमन आणि सहकाऱ्यांचा. ऑक्टोबर १९९३ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आला आणि त्याला सीडीसीचा पैसा होता. टेनेसी, वॉशिंग्टन आणि ओहायो या राज्यांतल्या तीन काउंटींमध्ये स्वतःच्या घरी खून झालेल्या माणसांची माहिती त्यांनी घेतली. प्रत्येक मृतासाठी त्याच भागात राहणारा, त्याच वयोगटाचा, त्याच लिंगाचा आणि वंशाचा एक शेजारी निवडला. मग दोन्ही घरांची तुलना केली. निष्कर्ष असा, की इतर घटक विचारात घेतल्यावरही घरात बंदूक असलेल्यांत घरी खून होण्याचं प्रमाण २.७ पट होतं.

टीकाकार म्हणाले, गाडीच्या पुढे बैल की बैलाच्या पुढे गाडी? ज्याला जिवाची भीती आहे तोच बंदूक घेतो. भीती खरी असते आणि त्याचा खून होतो. म्हणून बंदुकीनं खून झाला असं होत नाही. आक्षेप रास्त आहे. आमच्या शास्त्रात त्याला नाव आहे आणि पहिल्याच सत्रात तो शिकवतात. माझ्या विद्यार्थ्यांना मी त्याच पेपरातला दुसरा आकडा दाखवते: भाड्याच्या घरात राहणाऱ्यांत तेच प्रमाण ४.४ पट निघालं होतं. म्हणजे बंदुकीपेक्षा जास्त. आता भाडेकरार कुणाचा खून करत नाही. भाड्यानं राहणं ही गरिबीची, अस्थिरतेची, कोणत्या इमारतीत राहता याची खूण आहे. मग बंदूकसुद्धा अशी नुसती खूण असेल का? असू शकते. थोडी खूण, थोडं कारण, असंही असू शकतं. त्या पद्धतीच्या अभ्यासातून हे वेगळं काढता येत नाही, आणि ही अडचण लेखकांनाही ठाऊक होती.

म्हणून मी म्हटलं, थोडंसं, पण ते म्हणतात तिथे नाही. पेपरची मर्यादा ही अशी मृत आणि शेजारी यांची तुलना करण्याच्या, म्हणजे केस-कंट्रोल पद्धतीची होती. तीच पद्धत वापरून धूम्रपान आणि फुप्फुसाच्या कर्करोगाचं नातं पहिल्यांदा पुढे आलं. पैसा सीडीसीऐवजी एखाद्या पिस्तूल कंपनीनं दिला असता तरी त्या पद्धतीची मर्यादा तीच राहिली असती. एकांगीपणा दिसत होता तो पेपरच्या बाहेर. सीडीसीच्या इजा-प्रतिबंध केंद्राचे तेव्हाचे प्रमुख मार्क रोझेनबर्ग यांनी १९९४ मध्ये बंदुकीची तुलना सिगारेटशी केली होती. एकेकाळी ऐटीची वाटणारी सिगारेट लोकांना घाणेरडी वाटू लागली, तसं काहीसं. सरकारी खुर्चीवर बसून हे बोलायचं नसतं. विरोधकांना तेवढं पुरलं, आणि त्यांचा राग मला समजतो. माझ्या तालुक्याच्या कृषी अधिकाऱ्यानं खतांची चाचणी करता करता ‘युरिया हद्दपार करा’ म्हणून सभा घेतली, तर त्याच्या चाचणीवर कुठला शेतकरी विश्वास ठेवेल?

पण उपाय काय केला? अधिकाऱ्याला ताकीद द्यायची सोडून प्रयोगशाळेलाच टाळं लावलं. साडूंना हे पटवणं सोपं जाईल, कारण खुद्द डिकींना ते पुढे पटलं. कोलोरॅडोतल्या ऑरोरा इथे चित्रपटगृहात गोळीबार झाल्यावर, जुलै २०१२ मध्ये, जे डिकी आणि मार्क रोझेनबर्ग या एकेकाळच्या हाडवैऱ्यांनी वॉशिंग्टन पोस्टमध्ये मिळून लेख लिहिला: बंदूकधारकांचे हक्क शाबूत ठेवूनही हे संशोधन होऊ शकतं आणि व्हायला हवं. तोवर दोघांची मैत्री झाली होती. डिकी २०१७ मध्ये वारले.

दरम्यान कोंबडं झाकून ठेवलं तरी तांबडं फुटायचं राहिलं नाही. लोक मरत होते, प्रश्न होते, आणि प्रश्न असले की पैसा कुठून तरी येतोच. शिकागोच्या जॉइस फाउंडेशनकडून आला. न्यूयॉर्कचे माजी महापौर आणि बंदूक-नियंत्रणाचे पुरस्कर्ते मायकेल ब्लूमबर्ग यांचं नाव असलेल्या जॉन्स हॉपकिन्सच्या सार्वजनिक आरोग्य विद्यालयात काम चालू राहिलं. कॅलिफोर्नियात डॉ. गॅरेन विंटेम्यूट यांनी तर स्वतःच्या खिशातून दहा लाख डॉलरहून जास्त घातले. ही माणसं अप्रामाणिक आहेत असं मी मुळीच म्हणत नाही. काहींबरोबर मी काम केलं आहे. पण जरा विचार करा. निष्पक्षतेच्या नावाखाली ज्यांनी सरकारी पैसा काढून घेतला, त्यांनी हे सगळं क्षेत्र कुणाच्या हाती दिलं? ज्यांना या विषयाबद्दल आधीच तीव्र मत आहे, अशा देणगीदारांच्या. दोन्हीकडच्या. सार्वजनिक पैसा आटला की संशोधन थांबत नाही. तटस्थ गिऱ्हाईक तेवढं निघून जातं. या उत्तरातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा.

आणि पैसा किती आटला, तेही बघा. जामा या वैद्यकीय नियतकालिकात २०१७ च्या सुरुवातीला आलेल्या एका विश्लेषणात, २००४ ते २०१५ या काळात कुठल्या कारणानं किती मृत्यू होतात आणि त्यावर केंद्र सरकार किती खर्च करतं, याची तुलना होती. मृत्यूंच्या प्रमाणात बंदुकींच्या संशोधनाला साधारण १४० कोटी डॉलर मिळायला हवे होते. मिळाले २.२ कोटी. म्हणजे अपेक्षेच्या १.६ टक्के.

आता तुमच्या बाजूच्या लोकांनाही न आवडणारं सांगते. बंदुकीनं स्वतःचा बचाव किती वेळा होतो, यावर गॅरी क्लेक आणि मार्क गर्ट्झ यांचा १९९५ चा पेपर आहे. फोनवर सुमारे ५००० लोकांना विचारून त्यांनी वर्षाला २५ लाखांपर्यंतचा अंदाज काढला. हा आकडा तुमच्या साडूंनी तुम्हाला ऐकवला असणार, मला खात्री आहे. सरकारच्या गुन्हे-पीडित सर्वेक्षणातून मात्र हा आकडा साधारण लाखाच्या आसपास किंवा त्याहून कमी येतो. पंचवीस पट फरक! यातलं कोण विकलं गेलंय, असं लगेच विचारावंसं वाटतं. पण आधी एक हिशेब करू.

समजा, खरोखर दर हजारात एका माणसानं वर्षभरात बंदूक दाखवून स्वतःला वाचवलं. ५००० जणांत असे पाच. उरलेल्या ४९९५ पैकी फक्त एक टक्का लोकांनी चुकीचं ‘हो’ सांगितलं. कुणाला तीन वर्षांपूर्वीची घटना यंदाची वाटली, कुणी फुशारकी मारली, कुणाला झाडामागे चोर वाटला. असे झाले पन्नास. एकूण ‘हो’ पंचावन्न, म्हणजे १.१ टक्का. त्या काळी अमेरिकेत साधारण १९ कोटी प्रौढ होते. गुणाकार केला की जवळपास २१ लाख. खरा आकडा होता १ लाख ९० हजार. खोटं बोलण्याचा हेतू कुणाचाच नाही, पैसा कुणी खाल्ला नाही, आणि उत्तर अकरा पट चुकलं. दुर्मीळ घटना मोजताना हे नेहमी होतं. उलट बाजूनं, सरकारी सर्वेक्षणात आधी ‘तुमच्यावर गुन्हा झाला का?’ असं विचारतात, त्यामुळे काही खरे बचाव त्यातून निसटतात. म्हणजे खरा आकडा कुठे तरी मध्ये आहे, आणि माझ्या अंदाजानं खालच्या टोकाच्या बराच जवळ.

हा हिशेब मी इतका ताणला, कारण माझं मत इथेच बदललं. पूर्वी मीही पेपर उघडला की आधी शेवटच्या पानावरची ‘अर्थसाहाय्य’ची ओळ वाचायची. आता ती मी सगळ्यात शेवटी वाचते. देणारा सहसा उत्तर विकत घेत नाही. तो प्रश्न निवडतो. सार्वजनिक आरोग्यवाले ‘धोका किती?’ विचारतात, गुन्हेशास्त्रवाले ‘धाक बसतो का?’ विचारतात. दोन्ही प्रश्न खरे आहेत. पण पैसा एकालाच मिळाला, तर दहा वर्षांनी कपाटात एकाच रंगाचे पेपर दिसतात, आणि त्यातला एकेक पेपर मात्र सुटा पाहिला तर प्रामाणिक असतो. सीडीसीवर कुणी टीका करायची असेल तर ही करावी. सँडी हूक शाळेतल्या गोळीबारानंतर, २०१३ मध्ये, नॅशनल अकॅडमीज या सरकारला सल्ला देणाऱ्या वैज्ञानिक संस्थेच्या समितीनं संशोधनाचे प्राधान्यक्रम लिहिले, तेव्हा बंदुकीचे धोके आणि संरक्षणासाठीचे फायदे, दोन्ही त्यात घेतले. त्या वेळी काँग्रेसनं पैसेच दिले नाहीत, ही गोष्ट वेगळी.

त्याच अकॅडमीजच्या आधीच्या, २००४ च्या अहवालाची गोष्ट साडूंना जरूर सांगा. त्याला पैसा सरकारी संस्थांचाही होता आणि बंदूक-नियंत्रणाला अनुकूल समजल्या जाणाऱ्या फाउंडेशनचाही. साडूंच्या म्हणीप्रमाणे टाळी कुठल्या तालात वाजायला हवी होती, ते उघड आहे. अहवाल म्हणाला काय? बंदूक बरोबर घेऊन फिरण्याचे परवाने सैल केल्यानं गुन्हे कमी होतात, असं अर्थतज्ज्ञ जॉन लॉट यांचं म्हणणं सिद्ध होत नाही, आणि वाढतात असंही सिद्ध होत नाही. उपलब्ध डेटा इतका तोकडा आहे की निष्कर्ष काढता येत नाही. समितीतल्या जेम्स क्यू. विल्सन यांनी लॉट यांच्या बाजूनं भिन्नमत नोंदवलं, ते अहवालातच छापलं. अशी दोन्ही बाजूंना नाराज करणारी कागदपत्रं मला फार आवडतात. त्यानंतरच्या दीड दशकात पद्धती सुधारल्या. जॉन डॉनोह्यू आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये दाखवलं, की असे कायदे केल्यावर दहा वर्षांत हिंसक गुन्हे १३ ते १५ टक्क्यांनी जास्त राहिले. मला ते काम पटतं. पण २००४ ला कुणी मला विचारलं असतं तर मीही ‘माहीत नाही’च म्हटलं असतं.

मग सरकारी पैसा खासगीपेक्षा बरा का? माझं उत्तर ‘हो’ आहे, पण त्याचं कारण सरकार साधू असतं हे नाही. सरकारी पैशाच्या मागे कागद चालतो. एनआयएच, म्हणजे वैद्यकीय संशोधनाला पैसा देणारी केंद्र सरकारची संस्था, तिच्या समितीत मी बसले आहे, तिथलं सांगते. प्रत्येक प्रपोजल साधारण तीन जणांना बारकाईनं वाचायला देतात. एक ते नऊ गुण, एक म्हणजे उत्तम (आपल्या शाळेच्या उलट, सुरुवातीला माझा गोंधळ व्हायचा). तुमच्या विद्यापीठाचं, तुमच्या जुन्या सहकाऱ्याचं प्रपोजल आलं की तुम्हाला खोलीबाहेर जावं लागतं. एका दुपारी मी चारदा बाहेर जाऊन आले. ग्रँट कुणाला, किती, कशासाठी मिळाली, हे कुणीही इंटरनेटवर बघू शकतं, तुमचे साडूसुद्धा. ग्रँट मिळाल्यावर निकाल काय लिहायचा, हे सांगायचा अधिकार एनआयएचला नसतो. मात्र सगळा सरकारी पैसा असा नसतो. ‘कॉन्ट्रॅक्ट’ असेल तर अहवाल मंजूर करून घ्यावा लागतो. सीडीसीच्या स्वतःच्या शास्त्रज्ञांचे पेपर आतल्या चाळणीतून जातात. म्हणून नुसतं ‘सरकारी’ म्हणून भागत नाही, ग्रँट की कॉन्ट्रॅक्ट हे पाहावं.

खासगी देणगीदारही चांगले असतात. एका प्रकल्पात माझे निकाल त्यांच्या अपेक्षेच्या उलट आले. त्यांनी काहीही दाबलं नाही. फक्त पुढच्या वर्षी त्या विषयाची योजनाच नव्हती. रागाचं, दबावाचं एक पत्रही आलं नाही. सरकारी यंत्रणेत हे होत नाही असं नाही, पण तिथे निदान ‘योजना का बंद केली?’ म्हणून एखादा खासदार उभा राहून विचारू शकतो.

सरकारी पैशाचा खरा दोष असा, की तो हवामानासारखा बदलतो. मार्च २०१८ मध्ये काँग्रेसनं स्पष्ट केलं की सीडीसीला बंदुकींच्या हिंसेच्या कारणांवर संशोधन करता येतं. डिसेंबर २०१९ मध्ये खराखुरा पैसा आला: वर्षाला अडीच कोटी डॉलर, निम्मे सीडीसीला, निम्मे एनआयएचला. २०२१ मध्ये या देशात बंदुकीनं ४८,८३० माणसं गेली, त्यापुढे ही रक्कम लहानच आहे. तरी तरुण मुलं-मुली या विषयात यायला लागली. आणि मग १ एप्रिल २०२५ ला सीडीसीच्या त्याच इजा-प्रतिबंध केंद्रातल्या बऱ्याच लोकांना नोकरीवरून कमी करण्यात आलं. डेटाची मालिका एकदा तुटली की मधली वर्षं नंतर कितीही पैसे टाकून परत आणता येत नाहीत. माझी काळजी तिथे आहे.

कारण शेवटी या विषयातली निष्पक्षता डेटावर येऊन थांबते. संशोधकाचं मन शुद्ध आहे का, हे तपासायचं यंत्र नाही. पण त्याचा डेटा विरोधकाला मिळतो का आणि विरोधकानं गणित केलं तर तेच उत्तर येतं का, हे तपासता येतं. आणि अमेरिकेत बंदुकींचा डेटा मुद्दाम फाटका ठेवला आहे. १९८६ च्या कायद्यानुसार केंद्र सरकारला बंदूकमालकांची नोंदवही ठेवता येत नाही. गुन्ह्यातली बंदूक कुठून आली, याची एटीएफ या बंदुकींवर देखरेख करणाऱ्या केंद्रीय खात्याकडची माहिती २००३ च्या टियार्ट दुरुस्तीनं संशोधकांना जवळपास बंद केली. कुठल्या राज्यात किती घरांत बंदुका आहेत, हेसुद्धा आम्ही थेट मोजत नाही. आत्महत्यांपैकी किती बंदुकीनं झाल्या, त्या प्रमाणावरून अंदाज बांधतो. भारतात परवान्यासाठी जिल्हाधिकारी किंवा पोलीस आयुक्तांच्या दारी जावं लागतं, नोंद राहते, त्यामुळे आपल्या लोकांना इथे नोंदच नाही हे आधी खरं वाटत नाही.

जिथे नोंद आहे तिथे काय होतं, ते कॅलिफोर्नियात दिसलं. त्या राज्यात पिस्तूल-विक्रीची नोंद राहते. स्टॅनफर्डच्या डेव्हिड स्टडर्ट यांच्या गटानं सुमारे २ कोटी ६० लाख प्रौढांच्या नोंदी मृत्यूच्या नोंदींशी जोडल्या आणि बारा वर्षं मागोवा घेतला. २०२० मध्ये आलेला निष्कर्ष: पिस्तूल घेतलेल्या पुरुषांत बंदुकीनं आत्महत्येचं प्रमाण न घेतलेल्यांच्या साधारण ८ पट, स्त्रियांत ३५ पट. इथेही जुनाच आक्षेप: ज्यानं ठरवलंय तोच जाऊन पिस्तूल घेतो. खरेदीनंतरच्या पहिल्या दिवसांत प्रमाण भयंकर जास्त होतंच. पण निम्म्याहून थोडे अधिक, ५२ टक्के मृत्यू खरेदीनंतर एक वर्ष उलटून गेल्यावरचे होते. जीव द्यायचं ठरवूनच पिस्तूल घेतलेला माणूस वर्षभर थांबत नाही. मग २०२२ मध्ये त्यांनीच स्वतः पिस्तूल नसलेल्या, पण पिस्तूलधारकाबरोबर राहणाऱ्या लोकांकडे पाहिलं. त्यांचा खून होण्याचं प्रमाण दुपटीहून जास्त निघालं. १९९३ मध्ये केलरमनना जे वेगळं काढता आलं नाही, त्याचा बराच भाग यात निघतो, सगळा नाही. २०२० च्या त्या अभ्यासाला पैसा खासगी होता, त्यात जॉइस फाउंडेशनही होतं. साडू त्यावर बोट ठेवतील. ठेवू द्या. पण त्या आधी पद्धतीत भोक कुठे आहे ते दाखवा म्हणावं. मला खरंच ऐकायला आवडेल.

मी स्वतः पेपर कसा वाचते, तेही तुम्ही विचारलं आहे. आधी तुलना कुणाशी केली ते बघते. गट नीट निवडला नसेल तर पुढचं वाचत नाही. मग स्वतःला विचारते, उत्तर उलटं यायची काही शक्यता या मांडणीत होती का? विश्लेषणाची योजना आधी नोंदवून ठेवली होती का, डेटा मागितला तर मिळतो का, हे त्यानंतर. निष्कर्षाच्या परिच्छेदात ‘संबंध’चा ‘कारण’ कधी झाला, ती जागा शोधते. बहुतेक वेळा शेवटच्या तीन ओळींत सापडते. आणि एकट्या पेपरवर भरवसा कमीच ठेवते. रँड या धोरण-संशोधन संस्थेनं बंदुकींचे कायदे आणि त्यांवरचे अभ्यास चाळून तक्ते करून ठेवले आहेत, त्यात बऱ्याच रकान्यांत ‘पुरावा अनिर्णित’ असंच लिहिलेलं आहे. नियंत्रणवाद्यांच्या आवडत्या काही कायद्यांपुढेसुद्धा. ते वाचून दोन्ही बाजूंचे लोक चिडतात, म्हणून मला बरं वाटतं.

त्या रकान्यांत ज्या मोजक्या ठिकाणी पुरावा भक्कम आहे, त्यातला एक मुलांच्या हाती बंदूक लागू नये यासाठीच्या कायद्यांचा आहे: बंदूक कुलपात ठेवणं सक्तीचं केलं की मुलांमधल्या बंदुकीच्या आत्महत्या आणि अपघात कमी होतात. तुम्ही लिहिलं आहे की साडूंकडे पंधरा वर्षांचा मुलगा आहे. १९९६ चा वाद पुढच्या दिवाळीपर्यंत पुरेल. त्या आधी एकदा फोन करून, जरा गोडीनं, ते पिस्तूल कुठे ठेवतात, कुलपात असतं का, गोळ्या वेगळ्या असतात का आणि किल्ली कुणाकडे असते, एवढं विचारून घ्या.